बेट, खिंड की काळी वाळू

७ जानेवारी

यांचा गुडघा? – बरा. कालपासून जिना चढताना ‘आई गं’ नाही, नुसतं ‘हं’.
जाऊबाईंचा खोकला? – उतरला. आवाज मात्र अजून फाटक्या भोंग्यासारखा.
लेकीची पाठ? – फोनवर ‘बरी आहे’ म्हणाली, म्हणजे दुखतेय.
मास्तरांची दाढ? – काढली एकदाची!
शिलाई मशीन? – कुरकुरतंय. तेल मागतंय बिचारं.
दारातलं मांजर? – गलेलठ्ठ. कुणाच्या जिवावर, ते विचारू नये.
आणि तुमची तब्येत, बाई?
पुढचा प्रश्न!

९ जानेवारी

मास्तर आज दुकानात आले. हातात दोन फाटके वेटसूट, तोंडात एकच वाक्य – “यंदा पाळी तुमची, लक्षात आहे ना?”

लक्षात नसायला काय झालं? दहा वर्षं वाट बघतेय. आम्ही सहाजण. दर दोन वर्षांनी एकदा उष्ण पाण्याच्या समुद्रात बुड्या मारायला जातो, आणि दर वेळी जागा एकानेच निवडायची – बाकीच्यांनी तोंडातून ब्र काढायचा नाही. हा आमचा कायदा. पाचांच्या पाळ्या झाल्या. (जाऊबाईंनी आपली पाळी मास्तरांना देऊन टाकली होती – “मला काय कळतंय!” म्हणून.) सहावी माझी. जाणं सप्टेंबरात, पण होडीतल्या जागा धरायच्या म्हणून फेब्रुवारीअखेर नाव सांगायचं. पुन्हा पाळी येईल तेव्हा मी अठ्ठ्याहत्तरची. म्हणजे ही पहिली आणि हीच शेवटची!

बारा वर्षांपूर्वी हेच मास्तर असाच एक फाटका वेटसूट घेऊन आले होते. तरण तलावावर बुडी मारायला शिकवतात. तो जाड रबरी कपडा मी उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “हे घालून माणूस जातो कुठे?” “खाली,” म्हणाले. “खाली काय आहे?” “या, दाखवतो.” चेन बदलण्याच्या बदल्यात पहिला धडा. तेव्हा मी चोपन्न वर्षांची, शाळा सातवीत सुटलेली. कॅमेरा तर त्याहून उशिरा. त्याच्यासोबत आलेलं पुस्तक अकरा वेळा वाचलं – पहिल्या दहा वेळा काही कळलं नाही.

१२ जानेवारी

रविवार. तीन जागांवर येऊन ठेपलेय. लांबलचक नावं लिहिण्यापेक्षा माझी आपली नावं बरी.

बेट – किनाऱ्यावरून चालत गेलं की छातीभर पाण्यापासूनच प्रवाळ सुरू. ऊन आतवर पोचतं म्हणे.
खिंड – दोन बेटांमधली. प्रवाह असा की माणूस पतंगासारखा उडतो. मोठे मासे तिथेच. पण फोटो काढायचा की जीव धरायचा?
काळी वाळू – वरून बघाल तर उकिरडा. पण तिच्यात नखाएवढे जीव. कोळंबी, शिंपल्यात राहणारं पिटुकलं, नुसते डोळे बाहेर काढून वाळूत निजलेला मासा. तिथे फोटो वितीवरून काढायचा.

यांनी तक्ता केलाय! जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे तपासले, आता बायकोचा समुद्र तोलताहेत. रकाने – पाण्याचा स्वच्छपणा, जवळचा दवाखाना, होडीची स्थिती, झोपायची सोय. स्वतः गुडघाभर पाण्यात उतरत नाहीत, काठावर बसून पेपर वाचतात. उंटावरून शेळ्या हाकणं कुणी यांच्याकडून शिकावं! पण तक्ता मात्र सुरेख आखलाय. बेटाला सगळ्यांत जास्त गुण.

बेटावर जाऊन आलेल्यांचे फोटो तासभर पाहिले. मला नाही पटलं. पाणी पिवळट, मळकं. पातळ चहात कुणीतरी मासे सोडल्यासारखं. “याला स्वच्छ म्हणतात?” मी म्हटलं. हे चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. रकान्यातला आकडा बदलला नाही.

१५ जानेवारी

मास्तर वेटसूट परत घेऊन आले. हसत होते, पण जरा जपून.
“बाई, हा नवा नमुना का?”
काळ्या सुटाला मी गडद निळ्या दोऱ्याने शिवलंय. पूर्ण पाठ. दोन्ही बाह्या.
बेचाळीस वर्षं दोरा जुळवतेय! कापडाची चिंधी बघून, रीळ न शोधता, डब्यात हात घालून नेमका रंग काढणारी मी. गिऱ्हाईक म्हणायचं, “बाई, तुमच्या बोटांना डोळे आहेत.”
मास्तरांना म्हटलं, “दुकानात उजेड कमी आहे हो.”
ते म्हणाले, “असेल, असेल.” दुपारचे बारा वाजले होते, ऊन मशीनवर पडलं होतं.

१६ जानेवारी

आई आठवली. आज नको लिहायला.

१९ जानेवारी

लिहितेच. वहीपासून लपवायचं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं.

आईला काचबिंदू होता. तेव्हा कुणाला कळलंच नाही. ती म्हणायची, “दिव्याभोवती कडं दिसतं गं,” आणि आम्ही म्हणायचो, “दिवा पूस.” शेवटची सहा वर्षं ती भिंत चाचपत चालली. माझा चेहरा हातांनी बघायची. कपाळ, नाक, हनुवटी – मग म्हणायची, “वाळलीस.” मी वाळलेली नसायचे. तिला फक्त काहीतरी दिसल्यासारखं बोलायचं असायचं.

आता मला दिव्याभोवती कडं दिसतंय. दिवाळखोरासारखी रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या घड्याळात बघते – काल होतं तेवढं आज शिल्लक आहे का. डावा जास्त धूसर. हे गच्चीवर गेले की मगच बघते. दवाखान्यात जायची हिंमत नाही. डॉक्टर एक शब्द बोलतील आणि तो शब्द मला ठाऊक आहे.

म्हणून जागा ठरली. काळी वाळू. वितीवरचं अजून चांगलं दिसतं. लांबचं पाणी कसं का असेना, माझं काय जातंय! डोळे मिटायच्या आधी नखाएवढं का होईना, नीट बघून घेईन.

झालं. लिहिलं.

२१ जानेवारी

तलावावर जाऊबाईंना विचारलं. पाण्याखाली एकट्याने जायचं नाही, जोडीनेच – हा जगभरचा नियम. माझी जोडी म्हणजे ती. तिचंही मत नको का?

“काळी वाळू कशी वाटते?”
“तू म्हणशील तिथे.”
“आणि खिंड म्हटलं तर?”
“तर खिंड.”
“अगं, चुलीत म्हटलं तर?”
“ताई, चुलीत हवेचं सिलिंडर घेऊन जाता येत नाही.”

हसवलंन्. पण उत्तर नाहीच! दर वेळी हेच. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. जगाची बोलणी एकमेकांना जोडून दिली, मध्ये आपलं तोंड घातलं नाही. ती सवय हाडीमांसी भिनलीय. भावोजी गेल्यावर वर्षभर घरातल्या एका खुर्चीत बसून होती. मीच ओढून तलावावर आणलं. पाण्यात पडली तेव्हा कुठे माणसात आली. मनातल्या मनात मी ते माझं सगळ्यांत चांगलं शिवणकाम समजते – उसवलेलं माणूस शिवलं. फुशारकी झाली. झाली तर झाली, इथे कोण वाचतंय!

२५ जानेवारी

लेकीचा फोन. गेल्या वेळच्या सफरीचे बारा फोटो संगणकावर रंग सुधारून तिला पाठवले होते. तिच्या ऑफिसच्या भिंतीवर लावणार होती. महिना झाला, लावलेले नाहीत.
“आई, जरा... निळे नाहीत ना वाटत?”
“पाणी निळंच असतं, बाळे.”
“पाणी गं. पण कासव?”
फोन ठेवून दिला. नंतर वाईट वाटलं. पुन्हा केला. पाठीबद्दल बोललो.

२८ जानेवारी

आजचा दिवस लाल शाईने लिहायला हवा होता. पण लाल कुठली नि काळी कुठली, माझा काय भरवसा!

सकाळी हे समोर येऊन उभे. हातात मोजे. एक काळा, एक निळा.
“हे तू मला गेल्या महिन्यात चारदा दिलंस.”
“मग बोलला का नाहीत?”
“पहिल्यांदा वाटलं चूक. दुसऱ्यांदा वाटलं चेष्टा. मग नोंद ठेवली.” खिशातून कागद काढला. तारखा! मोज्यांच्या, दोऱ्यांच्या, आणि ‘घड्याळाकडे एक डोळा झाकून पाहते – रोज, मी गच्चीवर गेलो की.’ गच्चीच्या दाराला फट आहे, हे मी विसरले होते.
“चप्पल घाल,” म्हणाले. “वजनात फरक आला की काटा तपासायचा. काट्याला घाबरून कसं चालेल?”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई पोरसवदा, केस कापलेल्या, बोलायला फटकळ. हनुवटी एका पट्टीवर टेकवायला लावली, फुंकर मारणारं यंत्र डोळ्यावर सोडलं, थेंब घालून तासभर बसवून ठेवलं. समोर भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र. मी तिथे बसून मनात आईशी बोलत होते. हे शेजारी बसून माझी पर्स धरून होते – दोन्ही हातांनी, जणू तीच पळून जाणार आहे.

मग आत बोलावलं. त्यांनी उजेड मारला. इकडे बघा, तिकडे बघा. मी शेवटी विचारलंच – “काचबिंदू ना?”
“कोण म्हणालं?”
“आईला होता.”
“म्हणूनच दाब दोनदा मोजला. उत्तम आहे. मागची नसही उत्तम. तुम्हाला मोतीबिंदू आहे, आजी. चांगला पिकलाय, पिवळाधम्मक! इतके दिवस करत काय होता?”
“दोरा जुळवत होते.”
“काळ्याला निळा!” हे मध्येच म्हणाले, आणि डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना यंत्र बाजूला करावं लागलं.

जिन्यावर आल्यावर मी पायरीवरच बसले. रडले. हे म्हणाले, “अगं, आता कशाला?” म्हटलं, “आता नाही तर कधी?” लोक बाजूने चढत-उतरत होते. यांनी मला रुमाल दिला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, “मी तर तक्त्यात एक रकाना रिकामा ठेवला होता. घरी बसायचा.”

जीव भांड्यात पडला म्हणतात. माझा तर भांड्यासकट खणखणत पडला!

२९ जानेवारी

झोप. नऊ तास. घड्याळाकडे बघितलं ते फक्त किती वाजले म्हणून.

३० जानेवारी

जाऊबाईंना सांगितलं. दुकानातच, मापं घ्यायच्या टेबलाशी. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, “मला वाटलं होतं तुझे डोळे चालले, ताई.”
“तुलाही? मग सांगितलं नाहीस?”
“काय सांगायचं? तुझे फोटो सहा महिने असे दिसताहेत की जणू कुणी समुद्राला नीळ घालून वाळत टाकलाय. कासवं निळी, वाळू निळी. मागच्या सफरीतल्या फोटोत तर मीसुद्धा! बघून वाटलं, आपण गेलोच की काय!”
“आणि ‘छान’ म्हणत होतीस, बये?”
“तू किती जीव लावून करत होतीस ते दिसत होतं ना. तेवढं छान होतंच.”

म्हणजे लेक, हे, मास्तर, जाऊ – सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी, आणि मी एकटी शहाणी!
निघताना ती दारात थांबली. काहीतरी म्हणणार होती. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

११ फेब्रुवारी

आज डावा डोळा. वीस मिनिटं. आत कुणीतरी रंगीत पाणी हलवल्यासारखं दिसत होतं – मला तर आवडलं! डोळ्यावर वाटी बांधलीय. हे मला हात धरून चालवताहेत, पदोपदी ‘पायरी, पायरी’. पायरी नसली तरी.

१२ फेब्रुवारी

वाटी काढली.
पांढरं! अरे देवा, पांढरं असं असतं होय!
डॉक्टरीणबाईंचा कोट, भिंत, कापूस. आणि निळं! खिडकीतून आभाळ बघितलं आणि तोंड उघडंच राहिलं. हे म्हणाले, “मिट, माशी जाईल.” घरी येईपर्यंत मी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून बघत होते. नवा डोळा – धुतलेलं जग. जुना डोळा – त्याच जगावर हळद. रस्त्यात लहान मुलीसारखी उघडझाप करत चालले होते. लोकांना वाटलं असेल म्हातारी डोळे मारतेय!

तोटे – एक. स्वयंपाकघराच्या फरशा. इतके दिवस आपण स्वच्छ घरात राहतो असं समजत होते. दोन. आरसा. यावर जास्त लिहायचं नाही. तीन. यांचा तो आवडता सदरा. उद्याच चिंध्यांत टाकते.

१४ फेब्रुवारी

थेंब दिवसातून सहा वेळा. मध्ये तेवढ्यात संगणक उघडला.

स्वतःचे फोटो बघितले आणि हसून हसून पोट दुखलं. निळे म्हणजे किती निळे! डोळ्यातला पिवळा पडदा मला कळत नव्हता, म्हणून प्रत्येक फोटोत पाणी ‘स्वच्छ’ दिसेपर्यंत निळा रंग ओतत गेले. कासवं जांभळी झाली तरी थांबले नाही. मूळ फोटो मात्र जपून ठेवलेत – जुनं कापड फेकायचं नाही ही सवय कामाला आली. एक कासव पुन्हा पहिल्यापासून केलं. पाठीवर तपकिरी, मधाचा, थोडा शेवाळी. देवाने किती बारीक टाके घातलेत! मी निळ्याने सगळे झाकून टाकले होते.

मग बेटाचे फोटो उघडले. तेच. चहासारख्या पाण्याचे.
चहा नव्हताच! आरपार पाणी. चाळीस पावलांवरचा मासा मोजून घ्यावा असा. प्रवाळावर उन्हाच्या रेघा हलताहेत. लाल पंखा, पिवळी बोटं, जांभळी कड. यांच्या तक्त्यातला आकडा बरोबर होता. (त्यांना सांगितलं नाही. एवढ्यात नको.)

१८ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना विचारलं, “पाण्यात कधी?” त्या म्हणाल्या, “उजवा डोळा मार्चात करू. त्यानंतर दोन महिने पाण्याचं नावही नाही, आंघोळ करतानासुद्धा जपून. सप्टेंबर ना? तेव्हा खुशाल जा. आणि मला एक फोटो आणा. निळा नको.”
बातमी सगळीकडे पोचलेली दिसते!

तर ठरलं. बेट. भिऊन निवडलेली जागा वेगळी आणि आवडून निवडलेली वेगळी. काळी वाळू वाईट नाही, कुणी हौसेने जावं. पण मी तिथे तोंड लपवायला चालले होते. आता मला लांबचं बघायचंय. लांबून येणारं काहीतरी, आधी ठिपका, मग सावली, मग मासा.

२१ फेब्रुवारी

मास्तरांना कळवलं. “बेट! वा, बाई!” म्हणाले. त्यांच्या वेटसुटाची पाठही काळ्या दोऱ्याने पुन्हा शिवून दिली. शोधावं लागलं नाही, रीळ हातातच आलं.
जाऊबाईंना सांगितलं. “छान,” म्हणाली. तिचं छान म्हणजे आता मला जरा भीतीच वाटते.

२४ फेब्रुवारी

सकाळी दुकानाच्या दाराखालून सरकवलेली चिठ्ठी. जाऊबाईंचं अक्षर.

‘ताई, मला समुद्र आवडत नाही. तलाव आवडतो, समुद्र नाही. पहिल्या दिवसापासून नाही. खाली गेलं की पोटात गोळा येतो, वर येईपर्यंत मी मनात आकडे म्हणते. तुम्ही दोघं मला सावरायला धडपडत होतात, मग तुझी जोडी सुटेल म्हणून बोलले नाही. यंदा सांगणार होते, तर तुझे डोळे. म्हटलं, तिला शेवटचं बघायचं असेल तर माझा गोळा काय मोठा! आता तुला दिसतंय. आता सुटी दे.’

चारदा वाचली. नव्या डोळ्याने. उसवलेलं माणूस मी शिवलं म्हणत होते! नऊ वर्षं तीच मला धरून खाली उतरत होती. आधी लाज वाटली. मग, कसं लिहू, हलकं वाटलं. तिच्या पोटातला गोळा माझ्याच पोटातून गेल्यासारखं.

कच्चं उत्तर इथे, पक्कं दुपारी तिच्या दाराखालून –

‘बये, सुटी मंजूर. जोडीला मास्तर येतील. आता तुझी पाळी, ती पुन्हा कुणाला देऊन टाकायची नाही. तुझी जागा तूच निवड – माझ्याबरोबर बेटाच्या काठावर यांच्या शेजारी, नाहीतर तलावाच्या उथळ बाजूला, नाहीतर घरी, पाय वर घेऊन. मी ब्र काढणार नाही. फक्त लवकर कळव. आणि तोंडी नको, कागदावरच लिही. तोंडावर तू खोटं बोलतेस.’